सीतारामकाकांचे फोन

जुनी गाडी घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात. आम्हाला गाडीबरोबर तिचं माहेरही मिळालं. खाडीकाठच्या मुर्धे गावच्या सीतारामकाकांनी सात वर्षं वापरलेली पांढरी गाडी. ती आमच्या ताब्यात देताना कांताकाकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, तांदूळ-नारळाने माझी ओटी भरली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा चक्क पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा सातवा महिना होता. माझेही डोळे भरून आले होते.

मग काकांचे फोन सुरू झाले. गणपतीला, दसऱ्याला, कधी नुसतंच रविवार आहे म्हणून. गारी कशी हाय, धुता का, सावलीत लावता ना. माझा नवरा अभिनव आधी हसून बोलायचा. मग "मीटिंगमध्ये आहे" म्हणायला लागला, आणि सुरुची झाल्यावर तर त्याने फोन उचलणंच सोडलं. "विकली ना गाडी? मग हे काय माझे सासरे झालेत?" तो म्हणाला, आणि मीही हसले. हसले होते हे कबूल करते.

त्या आठवड्यात त्यांचे सतरा मिस्ड कॉल होते. आम्ही बॅगा भरण्यात गुंतलेलो. शनिवारी पहाटे वाईला निघायचं, रविवारी मांढरदेवीला सुरुचीचं जावळ. माझा भाऊ सूरज मामा म्हणून तिला मांडीवर घेणार, त्यासाठी रजा टाकून तो आधीच पोचला होता. सासूबाईंनी पन्नास माणसांचा स्वयंपाक सांगून ठेवला होता.

शनिवारी सकाळी सहाला वॉचमनने इंटरकॉम केला. "मॅडम, एक बाबा आपकी गाडी के पास बैठे हैं. हटते ही नहीं."

खाली गेलो तर काका. पुढच्या चाकाला पाठ टेकून फरशीवर बसलेले. त्यांच्याकडे आमच्या सोसायटीचं नुसतं नाव होतं, विंग माहीत नव्हती. आदल्या संध्याकाळी मुर्ध्याहून येऊन त्यांनी चार विंगांचं पार्किंग पालथं घातलं होतं. गाडी तेव्हा अभिनवबरोबर ऑफिसला होती; सापडली नाही म्हणून ते घरी गेले आणि उजाडायच्या आत परत आले.

"तुमी कामाची मानसं, फोन उचलाला कुठं वेल," ते म्हणाले. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी खिशातून एक पत्र काढून अभिनवच्या हातात दिलं. कंपनीकडे अजून त्यांचंच नाव नि पत्ता होता, त्यामुळे पत्र त्यांच्या घरी गेलं होतं. "सुनेनं वाचून दाखवला. ब्रेकमदी खोट हाय. कंपनीनं गारी परत बोलावलेय. आज न्यायची न्हाय."

अभिनवने तिथेच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या मुलीने नंबर तपासून सांगितलं की हो, गाडी यादीत आहे. ब्रेक मारताना पेडल मध्येच कडक होऊ शकतं. पार्ट फुकट बदलून मिळेल, पण यायला दोन आठवडे लागतील. तोवर चालवायची की नाही, असं अभिनवने विचारलं. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, "काळजीपूर्वक चालवा, सर."

अभिनवचा चेहरा सुटला. बघ, त्यांनी नको असं म्हटलंच नाही. हजारो गाड्या असतील यादीत, रोज रस्त्यावर धावतायत, सगळ्या काय ठोकतात? हळू जाऊ, घाटात सेकंड गिअरवर. आईने एवढं ठरवलंय. तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले, कारण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. सुरुची माझ्या कडेवरून काकांच्या टोपीकडे हात करत होती.

काका जागचे हलले नाहीत. "होरीला भोक परलंय समजल्यावं कोन सांगतो का, हलू वल्हव?"

अभिनव किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या शनिवारी घोडबंदरच्या उतारावर पेडल कडक झालं होतं. दोन सेकंद. मला वाटलं, खाली मॅट अडकली. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

मागच्या शनिवारी मी मागच्या सीटवर होते. सुरुची माझ्या मांडीवर झोपली होती, आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम मोठे झाले होते. मला ते नीट आठवलं. मी अभिनववर चिडले नाही, तेवढं बळच नव्हतं. फक्त त्याच्या हातातून किल्ली घेतली. त्याने ती घट्ट धरलेली नव्हती.

सासूबाईंना फोन मीच केला. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "देवी काय पळून जातेय? माणसं तशीच जेवून जातील. पोरीला त्या गाडीत घालू नकोस. आणि त्या काकांना फोन दे." मग दहा मिनिटं ते दोघं बोलत होते. काका नुसतं "व्हय ताई, व्हय ताई" करत होते.

घरी नेऊन त्यांना पोहे दिले, चहा दिला. इतके दिवस फोन उचलले नाहीत, चुकलं, असं अभिनव म्हणाला तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कप खाली ठेवून म्हणाले, "शोधताना तुमच्या सोसायटीत अशा आनखी तीन गाऱ्या दिसल्या. दोन बी विंगला, एक डी ला. माजी न्हाय म्हून मी फुरं गेलू. पन त्यांना कोनी सांगितला आसंल का?"

अभिनवने पायांत चपला सरकवल्या.

बी विंगच्या पहिल्या दारात सेफ्टी डोअरच्या जाळीआडून एक गृहस्थ वैतागून बोलले, "अरे भाई, हमारी गाडी मस्त चलती है. सुबह सुबह क्या है?" मी जिन्यात उभी होते, सुरुची काकांच्या खांद्यावर होती. अभिनवने पत्र पुढे केलंच नाही. जी गोष्ट त्याने आठवडाभर बायकोपासून लपवली होती, ती तो एका अनोळखी माणसाला सांगू लागला. घोडबंदरचा उतार, दोन सेकंद, मागे झोपलेली मुलगी.

जाळीआडच्या माणसाने एकदा सुरुचीकडे पाहिलं. मग त्याने कडी काढली आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावलं.