न झालेला अपघात

दाजी खरं तर एकट्या उस्तादाचेच दाजी. उस्ताद हा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपचा हेड मेकॅनिक आणि दाजी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दाजी तिथलं स्टोअर सांभाळायला आले, त्या पहिल्याच दिवशी उस्तादानं सगळ्यांदेखत हाक मारली, "दाजी, जरा बावीसचा पाना द्या!" झालं. वेल्डरपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांनी त्यांच्याशी सोयरीक जोडून टाकली.

दाजींचा स्वभाव भित्रा. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा बघायला परत यायचे. बायको म्हणायची, "माझा दादा चालू इंजिनात हात घालतो, आणि तुम्ही उकळत्या चहाला भिता!" दाजी यावर वाद घालत नसत. चहाला ते खरंच भीत.

अशा माणसाला कंपनीनं सुरक्षा अधिकारी केलं, ते एका परीक्षेमुळे. हेड ऑफिसनं पिवळ्या कव्हरची एक पुस्तिका पाठवली आणि आठवड्यानंतर पन्नास प्रश्नांचा पेपर. मेकॅनिक मंडळींनी पुस्तिकेवर चहाचे ग्लास ठेवले. उस्तादानं पेपरवर सही केली, बाकी कोरा ठेवला आणि म्हणाला, "माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. हाच माझा पेपर." दाजींना मात्र पुस्तिका वाचून रात्रभर झोप लागली नाही. फिरत्या दांड्यात सदऱ्याची बाही अडकली तर काय होतं, हे त्यात चित्रासकट दिलं होतं. त्यांना पन्नासपैकी एकोणपन्नास गुण मिळाले. साहेबांनी त्यांना एक पिवळं हेल्मेट आणि एक शिट्टी दिली आणि पाठ थोपटली. स्टोअरचं काम होतं तेवढंच राहिलं.

पहिल्याच आठवड्यात दाजींनी शिट्टी इतकी वाजवली की बाहेर रस्त्यावरच्या गाड्या थांबायला लागल्या. चष्मा न लावता ग्राइंडर चालवला, की शिट्टी. चावी न काढता मशीनमध्ये हात घातला, की शिट्टी. बॅटरी चार्ज होत असताना शेजारी कुणी काडी ओढली, तेव्हा तर दाजी शिट्टी वाजवायचीही विसरले आणि थेट पळाले. पळाले ते बाहेर, हे सांगायला हवं. लोक आठवडाभर पोट धरून हसले.

मग आला कापणीचा हंगाम. वर्कशॉपसमोर ट्रॅक्टरची रांग लागली. एका दुपारी एक जाडजूड गिऱ्हाईक डोक्यावर येऊन उभं राहिलं, "उद्या सकाळी शेतात मशीन हवं." त्याच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. मागची दोन्ही चाकं काढलेली आणि अख्खं धूड एकाच जॅकवर उचललेलं. उस्ताद चाकांच्या फळीवर उताणा झाला आणि पाना घेऊन सरकन खाली गेला.

स्टोअरच्या खिडकीतून हे पाहून दाजी धावत आले. "उस्ताद, घोड्या लावल्या नाहीत!"

घोड्या म्हणजे लोखंडी तिवया. जॅकचा भरवसा नसतो, म्हणून उचललेल्या मशीनखाली त्या आधाराला लावायच्या. स्टोअरमध्ये चार होत्या, कोळ्यांच्या जाळ्यांत गुंडाळलेल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे, दाजी," खालून आवाज आला. "घोड्या आणेपर्यंत मी बाहेर येतो."

"पुस्तिकेत लिहिलंय..."

"पुस्तिकेला सांगा, मी आत आहे."

गिऱ्हाईक हसलं. वेल्डर हसला. दाजींनी शिट्टी तोंडाला लावली, पण ओठ इतके कोरडे पडले होते की नुसती हवा निघाली. मग त्यांनी पुढं आयुष्यभर ज्याचं त्यांनाच नवल वाटत राहिलं असं काहीतरी केलं. खाली वाकले, मेव्हण्याचे दोन्ही पाय धरले आणि खस्सकन ओढले. फळीला चाकं होती. अख्खा उस्ताद हातगाडीसारखा बाहेर आला. तो उठून बसेपर्यंत दाजी फळीच्या मोकळ्या टोकावर मांडी ठोकून बसलेसुद्धा.

"उठा," उस्ताद म्हणाला.

"नाही उठणार."

"दाजी, बहिणीकडे बघून गप्प आहे मी."

"मीही तिच्याकडे बघूनच बसलोय."

साहेब आले, गिऱ्हाईक ओरडलं, वेल्डरनं दोघांची बाजू घेऊन पाहिली. पाऊण तास गेला. शेवटी उस्तादानं शिव्या देत दोन घोड्या ॲक्सलखाली सरकवल्या, त्याही दोन बोटं अंतर ठेवून, आणि पुन्हा खाली गेला. दाजी शेजारी स्टूल टाकून बसले.

चार वाजता चहा झाला. चहानंतर थोड्याच वेळात "टक्" असा आवाज झाला. मोठा नाही, कुणी टेबलावर चावी ठेवावी एवढा. दाजींनी पाहिलं. जॅकच्या बुडाशी तेलाचं थारोळं होतं आणि ट्रॅक्टर दोन बोटं खाली उतरून घोड्यांवर बसला होता. खाली पान्याचा आवाज थांबला. मग जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

उस्ताद बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "जॅक बसला."

"मग? काही झालं का?"

"काही नाही झालं."

"तेच म्हणतोय मी. पाऊण तास घालवलात, आणि झालं काय? काहीच नाही." उस्ताद हात पुसायला लागला. पुसलेले हात त्यानं पुन्हा पुसले. दुसऱ्या दिवशी कामात अडथळा आणल्याबद्दल साहेबांनी दाजींना लेखी समज दिली.

महिन्याभरानं आग लागली. उस्ताद ग्राइंडरवर पातं घासत होता आणि सुटे भाग धुवायचा डिझेलचा ट्रे पायाशीच होता. तो हलवा असं दाजींनी सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला ते निघाले होते, तेवढ्यात ठिणगी उडाली. भडका छताला गेला. उस्तादानं मात्र डगमगायचं नाव घेतलं नाही. खांबावरचं अग्निशामक नळकांडं उचललं, पीन ओढली आणि उभ्या ज्वाळेत शिरून ती विझवली. एक भुवई गेली, बाकी माणूस धडधाकट. त्याच खांबावर नळकांडं लावण्यावरून दाजींचं उस्तादाशी भांडण झालं होतं, कारण त्या खिळ्याला उस्तादाचा शर्ट टांगलेला असायचा. पण त्या क्षणी हे कुणाला आठवणार?

वर्कशॉपभर जयजयकार झाला. घरी बायकोचे डोळे पाणावले. "बघितलंत माझा दादा?"

"बघितलं," दाजी म्हणाले.

आता हेड ऑफिसला अहवाल पाठवायचा होता आणि तो लिहायचा होता दाजींनी. बायको समोर बसली. "दादाच्या विरुद्ध एक अक्षर लिहिलंत तर माहेरी जाईन. तसंही दोन गल्ल्या पलीकडेच आहे." दाजींनी घाम पुसला. खोटं लिहायचीही त्यांना भीतीच वाटत होती, आणि ती भीती बायकोच्या भीतीपेक्षा जुनी होती. त्यांनी लिहिलं. आगीचं कारण: ग्राइंडरची ठिणगी. ट्रे तिथे ठेवणारे: उस्ताद. सूचना देऊनही न हलवणारे: उस्ताद. आग विझवणारे: उस्ताद.

हेड ऑफिसनं शेवटची ओळ वाचली.

पंधरा दिवसांत उस्तादाला हातभर उंच चषक मिळाला. शिवाय आसपासच्या सगळ्या वर्कशॉपमध्ये फिरून सुरक्षेवर भाषणं द्यायची नेमणूक झाली. पहिलं भाषण आपल्याच वर्कशॉपच्या शेडमध्ये झालं. दाजी मागच्या रांगेत बसले.

उस्ताद बोलायला उभा राहिला आणि पुस्तिका बाजूला सारून म्हणाला, "मंडळी, ट्रॅक्टर असा वर. दोन्ही चाकं काढलेली. गिऱ्हाईक डोक्यावर. सगळे म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, जा खाली. मी म्हटलं, मुळीच नाही! आधी घोड्या आणा!"

वेल्डर, जो त्या दिवशी तिथंच उभा होता, मान डोलावू लागला.

"आणि मग, चहाच्या जरा आधी, टक् असा आवाज झाला," उस्ताद म्हणाला. इथं त्याचा आवाज अचानक बारीक झाला. "डोळ्यांसमोर, एवढ्यावर, गिअरबॉक्स खाली आला. नटाचे आटेसुद्धा मोजता येत होते. मला तेव्हा घरातली सगळी माणसं दिसली." तो थांबला, खिशातून फडकं काढून त्यानं कोरडे हात पुसले.

भाषणानंतर तो दाजींकडे आला. "कसं झालं?"

"चांगलं झालं. एक सांगू? जॅक चहाच्या आधी नाही बसला. चहानंतर."

"तुमच्या बरं लक्षात आहे!"

"मी तिथं स्टुलावर होतो, उस्ताद."

उस्तादानं त्यांच्याकडे पाहिलं. "हो की," तो म्हणाला आणि शर्टाची बटणं उगाचच लावू लागला.

त्या भाषणापासून वर्कशॉपमधला एकही माणूस घोड्यांशिवाय खाली गेला नाही. दाजींच्या शिट्टीला जे तीन महिन्यांत जमलं नाही, ते उस्तादाच्या थापेनं एका दिवसात केलं. दाजींना राग आला होता. पण राग काढायला कुणी मोकळं नव्हतं, सगळे स्टोअरच्या खिडकीशी घोड्यांसाठी रांगेत उभे होते.

पुढच्या भाषणाला बायको मुद्दाम भावाबरोबर शेजारच्या गावी गेली. संध्याकाळी परतली ती फुलून.

"आज दादानं भर सभेत तुमचा उल्लेख केला!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझे दाजी शेजारी स्टुलावर बसले होते. बिचारे भीतीनं पांढरेफटक पडले. मग मीच खालून धीर दिला, दाजी, घाबरू नका, घोड्या आहेत." तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खूश नाही झालात?"

"भीती वाटली होती, हे खरंच आहे," दाजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लोक हसले का?"

"आधी हसले."

"आणि मग?"

"मग गप्प झाले. पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, घोड्या मिळतात कुठं? दादाला सांगता येईना. म्हणाला, दाजींना विचारून कळवतो."

दाजींनी चष्मा लावला, टेबलावरचा कागद पुढ्यात ओढला आणि दुकानाचा पत्ता ठळक अक्षरात लिहायला घेतला.