दोन दोऱ्यांची साखळी

ना फिदेन्सियाच्या ('ना' हे तिकडे बाईला मानाने म्हणतात) पडवीत अकरा शिवणमशिनी होत्या आणि त्यांतली एकही शोभेची नव्हती. तिच्या हुचितान गावच्या बायकांच्या चोळीवर जी साखळी टाक्याची नक्षी असते, ती जुन्या मशिनीवरच निघते. म्हणून कुठे एखादी पडून आहे असं कानावर आलं, की फिदेन्सिया बदल्यात द्यायला टोपलीत झिंगे आणि टोटोपो, म्हणजे मक्याच्या कडक भाकऱ्या, भरून तिथे हजर.

बारावी मशीन तिला इस्तेपेक गावात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी मिळाली. तीन दिवस रॉकेल चोळल्यावर चाक फिरलं, पण टाका काही पडेना. दोरा खाली जाई आणि तसाच सुटून वर येई.

"पडवीत पाय ठेवायला जागा नाही, आणि तू आणखी एक लंगडी घोडी आणलीस!" धाकटी बहीण ओब्दुलिया म्हणाली.

फिदेन्सियाने मशीन आडवी केली आणि भिंग लावून पोटात पाहिलं. खाली दोरा धरणाऱ्या आकड्याची खाच कुणीतरी कानशीने रुंद केली होती. कडा मात्र आरशासारख्या गुळगुळीत.

"हे मोडलेलं नाही गं. कुणीतरी मुद्दाम केलंय."

"कशासाठी?"

"तेच तर कळत नाही!"

तिने जाड दोरा घालून पाहिला, तो तुटला. मेण लावलेला घातला, तो अडकला. चौथ्या दिवशी तिने सुईच्या नेढ्यात लाल आणि पिवळा असे दोन बारीक दोरे एकत्र ओवले. आकड्याने दोन्ही धरले. कापडावर लाल-पिवळी, जोडकड्यांची साखळी पडत गेली. अशी नक्षी तिने लहानपणी एकदाच, एका मिरवणुकीत पाहिली होती. ती कशी काढली यावर बायका वर्षभर वाद घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन ती इस्तेपेकला गेली. मशिनीची मूळ मालकीण, एकोणनव्वद वर्षांची ना क्रिस्पिना, दोरीच्या झोपाळ्यात पडून होती.

"ही खाच रुंद करायचं डोकं कुणाचं, ना क्रिस्पिना?"

"डोकं कसलं! आकड्याचा टवका उडाला, दुसरा मिळेना. आमच्या नवऱ्याने घासला, तो जरा जास्तच घासला. एक दोरा धरेना. मी तोंडाला येईल ते बोलले त्याला, आणि रागारागात दोन घातले."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी? सगळ्या नक्षीचा कागद मागायच्या. मशिनीखाली कुणी डोकावलं नाही." म्हातारीने नमुना डोळ्यांजवळ धरला. "वळणावर पिवळा मागे राहतोय तुझा."

"का राहतो?"

"मशीन कुठाय?"

"घरी."

"मग हात हलवत काय आलीस?"

गुरुवारी दोघी बहिणींनी मशीन तीनचाकी रिक्षात घालून नेली. ओब्दुलिया नुसती धरायला म्हणून आली होती, पण वाकून बघत राहिली. क्रिस्पिनाने झोपाळ्यातून उठून फिदेन्सियाच्या हातांवर हात ठेवले. वळण आलं की कापड क्षणभर उलटं फिरवायचं, मग सुलटं. पहिली आठ वळणं वाकडी गेली. नवव्याला पिवळा लाल दोऱ्याच्या कडेने नीट वळला.

"जमलं!" ओब्दुलियाच ओरडली.

फिदेन्सिया मात्र नेढ्याकडे बघत होती. "ना क्रिस्पिना, तीन घातले तर?"

 म्हातारीही खुर्ची पुढे ओढून वाकली.

"ते मी नाही करून पाहिलं. हिरवा आहे का तुझ्याकडे?"