जादा रेघ

माशांची वयं सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. चारचौघांत कुणी विचारलं, काय करता, तर मी ‘सरकारी नोकरी’ म्हणून मोकळा होतो. खरं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग आपल्या ताटातल्या माशाचं वय विचारतो. त्यात हे काम करणाऱ्या माणसाने स्वतःचं वय मात्र गेली कित्येक वर्षं पंचेचाळीसवर दाबून धरलेलं आहे. वाचताना मी कागद लांब धरतो, हात पुरला नाही की बारीक अक्षर छापणाऱ्याला नावं ठेवतो, पण चष्मा लावत नाही. बायको विचारते, हात अजून किती वाढतील म्हणून.

काम तसं साधं आहे. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक बारीकसा खडा असतो. तो कापून भिंगाखाली धरला की त्यात रेघा दिसतात, झाडाच्या खोडात असतात तशा, वर्षाला एक. रेघा मोजायच्या आणि वय लिहायचं. असे शेकडो खडे वाचले की समुद्रात म्हातारे मासे किती उरलेत ते कळतं. म्हातारे भरपूर असले तर जाळ्यांतून सुटून जगणारे मासे आहेत, म्हणजे साठा धडधाकट. नुसती पोरंटोरं असली तर मासेमारीला लगाम घालायचा. घोळ एकच आहे. माशाचे उपासमारीचे दिवस आले की खड्यात मध्येच एक फिकी रेघ उमटते. तिला आम्ही ‘खोटी’ म्हणतो. खरी रेघ खड्याभोवती पूर्ण फिरते, खोटी अर्ध्यावर विरून जाते. एवढा फरक ओळखण्याचा मला पगार मिळतो.

एकाच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, म्हणून प्रत्येक खडा दोघांनी वाचायचा, तोही एकमेकांना न विचारता. दुसऱ्या वाचक म्हणजे आमच्या कचेरीतल्या ताई. वयाने माझ्याहून मोठ्या, आणि ते लपवावं असं त्यांना कधी वाटलेलं नाही. जाड भिंगांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो. मी त्या चष्म्यावर बरेच विनोद केले आहेत.

माझ्या धाकट्या भावाची मासेमारीची बोट आहे. आमच्या घराण्यात पाण्याला न घाबरणारा तो एकटाच. मला तर धक्क्यावर उभं राहूनही मळमळतं. दोन वर्षांपूर्वी साठा खालावला म्हणून तो धरतो त्याच माशाच्या पकडीवर मर्यादा आली, आणि ज्या अहवालावरून आली त्यावर माझी सही होती. भावाने बोट काठावर ओढली, ताडपत्री घातली आणि पार्सलं पोचवणारी व्हॅन चालवायला लागला. मला एका शब्दाने बोलला नाही. आमच्या घरी पार्सल असलं की तोच येतो, दारात सही घेतो आणि ‘धन्यवाद, सर’ म्हणून जिना उतरतो. त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गोड लागलं असतं.

यंदा त्याच माशाचे खडे वाचायला बसलो आणि बघतो तर काय, म्हातारे मासेच म्हातारे. मी डोळ्यात तेल घालून वाचत होतो, निदान माझी तशी समजूत होती. त्या रविवारी भाऊ जेवायला आला. आकडे बाहेर फोडायचे नाहीत हा नियम नव्या लोकांना मीच शिकवतो, तेव्हा मी आकडा सांगितला नाही. मी फक्त म्हणालो की बोटीला रंग द्यायचा असेल तर सध्या हवा चांगली आहे. भावाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बरेच दिवस त्याने माझ्या घरी तसं केलं नव्हतं. मी इतका खूश झालो की भांडी घासायला उठलो, आणि बायकोला शंका आली.

पुढच्या आठवड्यात ताईंची आणि माझी वाचनं शेजारीशेजारी ठेवली. ताईंचे मासे तरुण निघाले. तेच मासे माझ्याकडे वर्ष-दोन वर्षांनी म्हातारे होते. ताईंनी एक खडा पडद्यावर मोठा करून लावला आणि एका फिक्या रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. रेघ अर्ध्यावर विरत होती. दुसरा खडा लावला. तिथेही तेच. मी लगेच सगळं डोळ्यांवर ढकललं. म्हणालो, चाळिशी लागलेली दिसते. ज्या चष्म्याला इतकी वर्षं टाळलं त्याच्याच गळ्यात जाऊन पडलो.

ताई म्हणाल्या, हरकत नाही, आपण पारखून बघू. टाकीत वाढवलेल्या माशांचे खडे आम्ही त्यासाठीच जपून ठेवलेले असतात. त्यांची वयं पक्की ठाऊक असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर बिघडली की पकडता येते. मी ते वाचले, अर्थात चष्म्याशिवाय. सगळे बरोबर आले. त्यातल्या खोट्या रेघा मी एकूण एक ओळखल्या होत्या. ताईंनी उत्तरं ताडून पाहिली, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

तरी मी चष्मेवाल्याकडे गेलोच. नंबर चांगला दणदणीत निघावा अशी आशा धरून मी त्या खुर्चीत बसलो होतो. तो म्हणाला, किरकोळ आहे, नाही लावलात तरी चालेल. मी म्हणालो, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितलं आणि म्हणाला की लोक नंबर कमी करून मागतात, वाढवून मागणारे तुम्ही पहिलेच. मी चष्मा घेतला, जाड काळ्या काड्यांचा, लांबून दिसेल असा.

तो लावून भावाकडे गेलो. ताडपत्री निघाली होती. बोट एका अंगाने निळी झाली होती आणि भावाच्या कोपरापर्यंत रंग होता. मी सांगून टाकलं की माझं वाचन चुकलं, अहवाल दुरुस्त करून दिला, मर्यादा उठणार नाही. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं.

“डोळ्यांनी दगा दिला होय, दादा?” तो म्हणाला. “वयाने होतंच.”

सबब त्याने स्वतःच्या हाताने आणून माझ्या दारात ठेवली होती, नेहमीच्या पार्सलासारखी. माझी सही तेवढी बाकी होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी चष्मा काढून खिशात घातला.

“डोळे ठीक आहेत,” मी म्हणालो. “तू परत बोटीवर दिसावास असं मला वाटत होतं. म्हणून नसलेल्या रेघा दिसल्या.”

मग त्याने विचारलं, मासा खरंच नाही का. मी म्हणालो, आहे, पण सगळी पोरं आहेत, आत्ता सोडली तर मोठी होतील. त्याने मान हलवली. राग आला असेल तर तो त्याने गिळला, आणि ते बघताना माझे डोळे भरून आले.

त्याने दुसरा ब्रश उचलून माझ्या हातात दिला. अर्धी रंगवलेली बोट बरी दिसत नाही म्हणाला, आणि पांढऱ्या रंगाचा डबा पायाने माझ्याकडे सरकवला. काठाखालून पट्टा मारायचा राहिला होता. खरी रेघ आणि खोटी रेघ यावरचं माझं व्याख्यान त्याने जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला पाठ होतं. मी खिशातून चष्मा काढून पुन्हा नाकावर चढवला आणि ब्रश बुडवला.

“एकच मार,” तो म्हणाला. “आणि पूर्ण फिरव.”