उसळीतून उरलेला मूग

दचकू नका, मी मुगाचा दाणा बोलतोय. खरं तर मीच इतका घाबरलोय की नीट बोलता येत नाही. भोपाळात, कोटरा सुल्तानाबादच्या एका स्वयंपाकघरात, मी चहाच्या बशीत पडून आहे. आजूबाजूला माझ्यासारखेच दहाबारा दाणे. त्यांतले बहुतेक दुकानातले. ते कोण आणि मी कोण, हे माणसांना नुसतं पाहून ओळखता येत नाही.

माझा वाण परदेशातल्या एका प्रयोगशेतात तयार झाला. मुगावर केवडा पडतो, पानं पिवळी पडतात, शेंगा भरत नाहीत. आमच्यावर तो पडेना, म्हणून आमची पाकिटं देशोदेशी गेली. आमच्यात परीक्षा पास होईपर्यंत नाव मिळत नाही, नुसता नंबर.

इथे मी क्षितिजाच्या हाती आलो. पिकांवर संशोधन करणारी पोरगी, पण फोन वाजला तरी दचकते. संस्थेची शीतखोली बंद पडली तेव्हा तिनं मला डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि फ्रिजच्या दारात, चटणीशेजारी ठेवलं. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आज दुपारी, आमची पाकिटं वाटणाऱ्या बियाणे कार्यक्रमाचं बातमीपत्र तिच्या मेलवर आलं. आमचा मूळ साठा बुरशीनं गेला होता. कुणाकडे हे बी शिल्लक असेल तर कळवा, अशी विनंती होती. तिनं लगेच कळवलं, माझ्याकडे आहे. आणि धावत घरी आली.

घरी उसळ झाली होती.

तिच्या आईनं, सुचेताबाईंनी, परवा फ्रिज आवरला. मूठभर मुगानं काय होणार, म्हणून जवाहर चौकातून आणलेले मूग त्यात मिसळले, भिजवले, फडक्यात बांधले. बाकीच्यांना छान मोड आले. आम्ही काही जण मात्र खड्यासारखे कडकच राहिलो. आम्हाला गणंग म्हणतात. दाताखाली येऊ नयेत म्हणून सुचेताबाईंनी आम्हाला वेचून बशीत काढलं आणि उरलेल्यांना फोडणी दिली. माझी भावंडं कढईत तडतडली, ते मी ऐकलं.

क्षितिजा फ्रिजचं दार धरून उभीच राहिली. तिचे बाबा, नीळकंठराव, जेवत होते. "म्हणजे आज आंतरराष्ट्रीय उसळ खाल्ली म्हणायची," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

"आई, पाकिटावर नंबर होता ना गं."

"मूग फ्रिजमध्ये ठेवलेस तर मी मूगच समजणार ना, बेटा." मग हळूच म्हणाल्या, "गणंग आहेत बघ बशीत. टाकायचे राहिलेत."

आता क्षितिजा पॉलिश पेपर घेऊन बसलीय. साल घासली की पाणी आत शिरतं, कोंब फुटतो. सगळेच कुंड्यांत लावणार आहे ती. केवड्यातही जो हिरवा राहील तो आपला. मूग आपल्याच फुलातून बी धरतो, एका दाण्यावरही वाण परत उभा राहतो.

पण ती घाईनं, फार जोरात घासतेय. आत्ताच एकाचे दोन तुकडे झाले. तो आमचा होता. तिला ते कळलंही नाही. आमच्यातला आता मी एकटाच.

तिनं मला उचललंय. सुचेताबाईंनी तिचं मनगट धरलंय. पोरी, पाठीच्या बाजूनं घास. त्या पांढऱ्या डोळ्यापाशी कोंब आहे, तिथं नको. हळू. माझ्यामागे कुणी नाही.