वेनेताचं जेवण

त्सोलोने आईला आंघोळीच्या टबातून उचललं आणि ती इतक्या सहज वर आली, की त्याचाच तोल गेला. त्याने जोर लावला होता तो जुन्या हिशेबाने. ही बाई सहकारी मळ्यात द्राक्षांची भरलेली खोकी दोन-दोन एकदम उचलायची. मुकादमाने कधी आवाज चढवला, तर खोकी खाली न ठेवताच त्याच्याशी भांडायची. आता टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर तिच्या पाठीचा मणका न् मणका त्याच्या तळहाताला लागत होता.

"काय बघतोस? पूस लवकर, गारठले मी," वेनेता म्हणाली.

त्याने तिला पुसलं, तिच्या स्कर्टला कमरेपाशी मोठी पिन लावली आणि स्वयंपाकघरातल्या चुलीशेजारच्या पलंगावर बसवलं. बाहेर डॅन्यूब नदीवरून वारा सुटला होता. अशाच वाऱ्यात मागच्या आठवड्यात ती फाटकापर्यंत गेली होती आणि चालता चालता मटकन खाली बसली होती. कोणी ढकललं नव्हतं, पायही घसरला नव्हता. पायच नाही म्हणाले.

त्सोलो लोम शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. आईसाठी त्याने नोकरी सोडली. बायको कधीच सोफियाला निघून गेली होती, त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं. सकाळी उठून तो कोंबडी शिजवायचा, चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा भाजायचा, दह्यात अक्रोड आणि मध घालायचा. वेनेता दोन घास घ्यायची, तेही तोंडात बराच वेळ घोळवून, आणि ताट सरकवायची.

"पोट भरलं."

"कशाने भरलं, आई? चिमणीसुद्धा याहून जास्त खाते."

"मग चिमणीलाच घाल."

लोमच्या दवाखान्यात रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय हो. थोडं थोडं देत राहा." बहीण इस्क्रा स्पेनमध्ये होती. तिने ताकदीच्या पावडरीचे डबे पाठवले आणि रोज फोन सुरू केला.

"दादा, खरं सांग, तू तिला वेळेवर खायला देतोस ना?"

"नाही, उपाशी मारतोय. ये आणि पकड मला."

"चिडू नकोस. व्हिडिओत तिचा चेहरा बघवत नाही रे."

"तू फोन बंद करू शकतेस. मी काय बंद करू?"

दुकानात गेला, तर दुकानदारीण त्स्वेताना लोण्याचे पुडे बांधता बांधता बोलायची, "एवढं नेतोस, खातं कोण? तूही वाळून काटकी झालायस." खरंच होतं. आईचं न संपलेलं ताट समोर असलं की त्याच्याही घशाखाली काही उतरायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याने घेवड्याची उसळ केली. तिची आवडती, पुदिना घातलेली. वेनेताने एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि मान फिरवली.

"नको."

"एक घास."

"नको म्हटलं ना."

त्सोलोच्या आत काहीतरी तुटलं. त्याने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि चमचा दातांवर दाबला. "खा! का मला असं मारतेस? खा!" चमचा आत गेला. वेनेता ओरडली नाही. तिने त्याचं मनगट धरलं, पण त्या पकडीत जोरच नव्हता. डोळ्यांतून पाणी सुरकुत्यांमध्ये पसरलं.

तो चमचा टाकून अंगणात पळाला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे ओकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. आईच्या जबड्याचं हाड बोटांना अजून जाणवत होतं. बस घेऊन सरळ नदीत जावं, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं, बसही आता आपली नाही.

आत आला तेव्हा वेनेता तशीच बसली होती. हनुवटीवर उसळीचा रस्सा होता आणि त्यात लाल धागा.

"आई, हे रक्त आहे."

"मिरची आहे."

"मी मिरची घातलीच नाही. तोंड उघड."

"नाही."

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "पाया पडतो. माझ्या हातून काय झालं ते तरी बघू दे."

"तुझ्या हातून नाही झालं," ती म्हणाली. मग तिने पदरासारखा डोक्याचा रुमाल तोंडापुढे धरला आणि कवळी काढली. त्सोलोने रुमाल हळूच बाजूला केला. खालच्या हिरडीवर दोन्हीकडे जखमा होत्या, कडा पांढऱ्या पडलेल्या. तोंडच आक्रसलं होतं, त्यामुळे कवळी सैल होऊन आत खडखडायची आणि प्रत्येक घासाला हिरडी सोलायची.

"कधीपासून?"

"सप्टेंबरात द्राक्षं उतरवली तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू कवळी काढून घेतली असतीस." बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत येत होते. "तुझ्या बापालाही मी हे तोंड दाखवलं नाही. दंड गेले, मांड्या गेल्या. म्हटलं, तोंड तरी माणसासारखं राहू दे."

त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिथे टेकायलाही हाडच होतं.

दाताच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, जखमा भरल्या की नवी कवळी करू. तोवर त्सोलो पोपारा करू लागला. गरम दुधात पाव भिजवून, लोणी आणि चीज घालून, सगळं गाळणीतून काढायचा. वेनेता भिंतीकडे तोंड करून खायची आणि तो दाराबाहेर उभा राहायचा. पहिल्या दिवशी वाडगा रिकामा झाल्याचा आवाज ऐकून त्याने भिंतीला कपाळ टेकवलं.

काही दिवसांनी आतून हाक आली. "चोरासारखा उभा राहू नकोस. ये, बस."

ती त्याच्यासमोर जेवली. दूध हनुवटीवरून ओघळलं, ते त्याने पुसलं.

"कशी दिसते?"

"आजीसारखी."

"ती फार खवट होती."

"म्हणूनच म्हटलं."

वेनेता हसली. ईस्टरपर्यंत गाल थोडे भरले. पण पाय परतले नाहीत. डॉक्टर म्हणाले, या वयात गेलेलं मांस परत येणं अवघड, महिने फार वाया गेले. ती खुर्चीला धरून उभी राहायची आणि थरथरत पुन्हा बसायची. नवी कवळी आली, पण ती तिने दोनदाच घातली.

जूनमध्ये तिने परत ताट सरकवायला सुरुवात केली. त्सोलोने बॅटरी आणून तिच्या तोंडात उजेड टाकला. हिरड्या गुलाबी, स्वच्छ होत्या. जीभ पाहिली, घसा पाहिला. कुठेही जखम नव्हती.

"दुखतंय का कुठे?"

"नाही रे. नको वाटतं, एवढंच."

त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशीही. इस्क्राने विमानाचं तिकीट काढलं. वेनेता आता दिवसभर डोळे मिटून पडलेली असायची, पण त्याच्या हातात बॅटरी दिसली, की त्याच्यासाठी तोंड उघडायची.