पाच अंश, पाच अंश

नोंदवहीत ओळीनं अकरा विमानं होती आणि प्रत्येकापुढे तेच लिहिलं होतं: डावा पंख पाच अंश, उजवा पाच अंश. नव्या तपासनीस बाईच्या मनात पाल चुकचुकली. हातानं जोडलेली वस्तू इतकी तंतोतंत कशी?

या छोट्या विमानांचे पंख टेबलावर उघडून ठेवलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे दोन्हीकडून जरासे वर उचललेले असत. उचल सारखी नसेल, तर विमान एका अंगावर कलत राहतं.

वहीतल्या सह्या मुख्य जोडाऱ्याच्या, म्हणजे तिच्या ताईच्या नवऱ्याच्या. त्यांनीच तिला या विमानजोडणीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. गप्प बसेल म्हणून तर नव्हे?

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी पाहून तिनं नुकत्याच जोडलेल्या बाराव्या विमानावर कोनमापक लावला. डावा साडेपाच, उजवा साडेचार.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?" भावजी दारात उभे होते.

"वहीत पाच-पाच कुठून येतात, भावजी?"

"फरशी एका बाजूला खचलीये. मी दोन्हींची सरासरी काढून लिहितो."

उत्तर जरा जास्तच तयार होतं. "मग विमान उलटं फिरवू या," ती म्हणाली. "दोष फरशीचा असेल, तर आकडे अदलाबदल होतील."

दोघांनी ढकलून विमानाचं तोंड फिरवलं. डावा साडेचार, उजवा साडेपाच. भावजी खरं बोलत होते. ती ओशाळली, पण क्षणभरच.

"भावजी, एखाद्याचा एक पंख खरोखरच जितका जास्त, तितकाच दुसरा कमी असेल, तर? सरासरी तेव्हाही पाचच येणार!"

तिनं वहीत लिहिलं: अकराही विमानं सपाट जागी पुन्हा मोजावीत.

भावजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताईचा फोन आला, "माझ्याच संसारात काड्या घालायला आलीस का गं?" आपण नसता संशय तर घेतला नाही ना, या विचारानं तिला घास गोड लागेना.

आठवडाभरात दहा विमानं मोजून झाली. सगळी बिनचूक. कामगार तिच्याकडे बघून हसू लागले.

अकरावं एका उड्डाणशाळेत होतं. ते मोजायला भावजी स्वतः गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"उजवा पंख डाव्यापेक्षा पाऊण अंश खाली आहे," ते म्हणाले. "शिकवणारे म्हणाले, हे नेहमी उजवीकडे ओढतं, आम्हाला सवय झालीये. मी उड्डाण थांबवलंय. वहीत माझ्या नावानं लिही. स्पष्ट लिही."