पक्का लाल

प्राध्यापक काकासाहेब सोनवण्यांचा लाल रंग हरवला होता. कॉलेजची रसायनशाळा नव्या इमारतीत गेल्यापासून जो हरवला तो हरवलाच, आणि एवढ्या वर्षांत काकासाहेबांनी संशय घेतला नाही अशी एकही वस्तू औरंगाबादेत शिल्लक राहिली नव्हती. तुरटीवर संशय घेऊन झाला, कापडावर झाला, शेगडीवर झाला, हवेवर झाला. सगळ्यात जास्त संशय विद्यार्थिनी उमाच्या हातावर घेऊन झाला. स्वतःवर तेवढा राहिला होता.

आल नावाचं एक झुडूप असतं. त्याच्या मुळ्या उकळून पूर्वी खेडोपाडी लुगडी लाल करायचे. विलायती पुड्या आल्या आणि तो धंदा बसला. काकासाहेब देवगाव रंगारीचे. गावाच्या नावात रंगारी असला तरी घर मात्र शेतकऱ्याचं, कापसाचं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते उर्दू शाळेत होते. वर्षभरात शाळेची जबान बदलली, पण ॲसिडला तेजाब म्हणायची सवय त्यांच्या तोंडातून कधी गेली नाही. पुढे रसायनशास्त्रात नाव काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी गावाच्या नावाची लाज राखायची म्हणून आलची मुळीच धरली. आणि रंग काढला! साबणानं घासा, उन्हात टाका, हूं की चूं नाही. तो पेपर परदेशातल्या जर्नलात छापून आला तेव्हा गावातल्या मारुतीपुढे पेढे वाटले गेले. कुणालाही पेपरातलं अक्षर कळलं नव्हतं, पण लाल रंगाचा तुकडा सगळ्यांनी हातात धरून बघितला होता.

हे सगळं घडलं जुन्या जागेत, पाणचक्कीच्या अंगाला. निजामाच्या वेळची बसकी इमारत, खिडक्यांना काचा नाहीत, पंख्याला पाती दोन. पण काकासाहेबांचा थाट असा, की जणू विलायतेची लॅब. त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट पाण्याचा. प्रयोगाला डिस्टिल्ड पाणी, म्हणजे वाफ करून थंड केलेलं शुद्ध पाणीच पाहिजे. नळाचं पाणी बीकरमध्ये दिसलं तर मुलाला बाहेर उभं करत. "आपल्याकडच्या पाण्यात फक्त पाणी असतं," असं ते पाहुण्यांना सांगत आणि भिंतीवरच्या तांब्याच्या यंत्राकडे बोट दाखवत. आणि कुणी काही अडचण घेऊन आलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मला कारणं सांगू नका." ते एवढ्या जोरात म्हणत की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा गप्प होत.

नवी इमारत झकास होती. पांढऱ्या फरशा, गॅसचे नळ, यंत्रात तयार होणारं डिस्टिल्ड पाणी. पहिल्याच आठवड्यात काकासाहेबांनी मुळ्या उकळल्या, तुरटी दिलेलं कापड बुडवलं, आणि बाहेर काय आलं? जुन्या चहाचा डाग पडावा तसा तपकिरी. पुन्हा केलं, पुन्हा तपकिरी. देवगावहून पोतंभर नव्या मुळ्या आणवल्या. तपकिरी! मग मुंबईच्या एका शास्त्रज्ञानं भर परिषदेत टोमणा मारला, की औरंगाबादचा लाल मुंबईत दिसत नाही, तो बघायला औरंगाबादलाच जावं लागत असणार. सगळे हसले. काकासाहेबही हसले, कारण खाली बसायला तेवढाच रस्ता होता. औरंगाबादलासुद्धा तो दिसत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

आता येत्या जानेवारीत तीच परिषद गावात भरणार होती. मुंबईचे गृहस्थ येणार होते आणि काकासाहेबांनी सगळ्यांसमोर रंग काढून दाखवायचा, असं कार्यक्रमात छापूनही झालं होतं. प्रमोशन अडलं होतं, त्याचं दुःख होतंच. पण खरी जळजळ वेगळी होती. रंग निघाला नाही तर लोक म्हणणार, सोनवण्यांनी पेपर खोटा लिहिला. मास्तर कच्चा निघाला तर एक वेळ चालेल. खोटा निघाला तर देवगावात तोंड दाखवायला जागा नाही.

"आज काय झालं?" त्या शनिवारी लॅबमध्ये शिरताच त्यांनी विचारलं.

उमा खिडकीपाशी उभी होती. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, हुशार आणि कमी बोलणारी. चार वर्षं तिनं याच एका रंगापायी घातली होती.

"तपकिरी, सर."

काकासाहेबांनी टेबलावरचं फडकं उचललं, त्यात धरून गरम बीकर शेगडीवरून उतरवला, आत डोकावून बघितलं आणि बीकर असा आपटला की निम्मा रंग फरशीवर सांडला. त्याच लाल फडक्यानं त्यांनी फरशी पुसली, ते बेसिनमध्ये खळाखळा धुतलं, पिळलं आणि खुंटीवर टाकलं.

"तुझ्या हातालाच काहीतरी आहे. मी केला तेव्हा पहिल्या फटक्यात आला होता."

"सर, गेल्या उन्हाळ्यात मी एकदा सांगायला आले होते, की त्या दिवशी—"

"मला कारणं सांगू नकोस! मला रंग पाहिजे!"

उमानं शेगडी बंद केली. मग ती म्हणाली, "सर, फर्दापूरच्या शाळेत मला नोकरी लागलीय. सोमवारी दुपारी हजर व्हायचंय. पीएच.डी. सोडतेय मी."

एखाद्यानं थांब म्हटलं असतं. काकासाहेबांच्या मनातही तेच आलं होतं. पण रागाच्या वेळी त्यांच्या मनातलं तोंडापर्यंत पोचतच नसे, वाटेत दुसरंच काहीतरी बाहेर पडे.

"जा. फर्दापूरला तरी काही रंग निघतो का बघ."

घरी जेवायला बसले तरी डोकं तिकडेच. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी ताटात दुसऱ्यांदा भाकरी वाढली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"अवो, जेवताना तरी तो रंग बाजूला ठेवा. पाणी देऊ का?" असं म्हणत त्यांनी तांब्याची घागर कलती केली.

काकासाहेब घागरीकडे बघतच राहिले. तांबं! जुन्या लॅबचं पाण्याचं यंत्र तांब्याचं होतं. नव्या लॅबचं काचेचं. तांब्याचा अंश पाण्यात उतरत असणार, आणि त्यानंच रंग खुलत असणार! एवढी साधी गोष्ट सुचली कशी नाही? ताट तसंच टाकून ते उठले. चतुराबाई मागून "अवो, हात तरी धुवा" म्हणत राहिल्या आणि स्कूटर क्रांती चौकाच्या दिशेनं गेलीसुद्धा.

जुनी इमारत आता कॉलेजचं गोदाम झाली होती. मोडक्या बाकांच्या ढिगामागे भिंतीवर ते यंत्र होतं तसंच होतं. काकासाहेबांना त्याच्याविषयी एकदम माया वाटली. खिशातल्या रुमालानं त्यांनी धूळ झटकली, मग स्क्रू ढिले करून वरचं झाकण उचललं.

आत गवत होतं.

पेटीतून येताना यंत्राच्या पोटात भरतात तो पॅकिंगचा पेंढा. त्याच्या मध्यभागी तापायची कॉईल, मेणकागदात गुंडाळलेली, दोरा बांधलेली. दोरा कुणी सोडलाच नव्हता. हे यंत्र जन्मात एकदाही पेटलं नव्हतं.

काकासाहेब मोडक्या बाकावर बसले. आपण ज्या यंत्राकडे पाहुण्यांना बोट दाखवत होतो, त्याच्या पोटात पेंढा होता. मग बाटल्या रोज भरलेल्या असायच्या त्या कशानं?

बाटल्या भरायचा तो लॅबचा शिपाई सांडू. रिटायर होऊन तो बेगमपुऱ्यात राहत होता. काकासाहेब त्याच्या दारात पोचले तेव्हा तो बाजेवर बसून पायाला तेल चोळत होता. त्यांना बघून तो धडपडत उठला.

"सांडू, जुन्या लॅबच्या बाटल्यांत पाणी कुठलं भरायचास?"

सांडूनं एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आता नोकरी संपली होती, पेन्शन सुरू होती. घाबरायचं कारण उरलं नव्हतं. तरी घाबरला.

"नहरीचं, साहेब. भाईरच्या नळाला यायचं ते."

"आणि यंत्र?"

"ते चालायचं नाय, साहेब. लई बिजली खायचं. त्या बिल्डिंगची तार पातळ. लावलं असतं तर समदी इमारत अंधारात. मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं."

"अरे, मग मला सांगायचं नाही?" काकासाहेबांचा आवाज चढला. "एवढी वर्षं मला बेवकूफ बनवलंस?"

"सांगाया आलतो की, साहेब. तुमी म्हणाले, मला कारणं सांगू नको, पाणी आन." सांडूनं हात जोडले. "मंग आनलं पाणी."

काकासाहेब बाजेच्या कडेवर टेकले. नहरीचं पाणी, डोंगरातून जमिनीखालून शहरात येणारं! त्या नळाच्या पाण्यावर लॅबमध्ये चहा व्हायचा आणि किटलीच्या आत पांढरा थर धरायचा. चुना. तुरटी आणि चुना दोन्ही भेटले की आलचा रंग लाल होतो, एकटी तुरटी पुरत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! वर्गात फळ्यावर लिहून ते शिकवत आले होते. पण स्वतःच्या बाटलीत चुना असेल हे त्यांच्या डोक्यात येणार कसं? त्या बाटलीत तर फक्त पाणी होतं.

पेपर खोटा नव्हता. रंग खरा होता. फक्त पेपरात पाण्यापुढे लिहिलेला तो एक शब्द साफ खोटा होता, आणि तो मोठ्या रुबाबात त्यांनीच लिहिला होता.

सोमवारी सकाळी ते नहरीच्या पाण्याचा कॅन स्कूटरवर पायांशी ठेवून लॅबमध्ये आले. उमा टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरत होती. तिचं उरलंसुरलं सामान न्यायला ती आली होती.

"थांब. पिशवी ठेव खाली," काकासाहेब धापा टाकत म्हणाले. "सापडलं! मुळ्या काढ, कापड काढ. पाणी हे घे. डिस्टिल्ड नको, अजिबात नको!"

उमानं पिशवी खाली ठेवली. मग काही न विचारता तिनं मुळ्यांचा काढा नहरीच्या पाण्यात चढवला, तुरटीचं कापड सोडलं, शेगडी बारीक केली. काकासाहेब गोदामातला पेंढा, मेणकागद, सांडू, सगळं एका दमात सांगत सुटले. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच हसू यायला लागलं. एवढ्या वर्षांत लॅबमध्ये ते पहिल्यांदा हसत होते.

बीकरमधलं पाणी वाफाळलं. काकासाहेबांना दम निघेना. त्यांनी खुंटीवरचं फडकं ओढलं आणि बीकर उतरवायला हात पुढे केला.

"सर," उमा म्हणाली, "घाई करू नका. तो लालच होणार आहे."

"तुला काय माहीत?"

"तुमच्या हातात आहे ना."

काकासाहेबांनी हाताकडे बघितलं. फडकं होतं. कडा फाटलेल्या, दोन जागी करपलेलं. तेजाब सांडलं की ते यानंच पुसलेलं, साबणानं, सोड्यानं शंभरदा धुतलेलं, वर्षभर खिडकीतल्या उन्हात लोंबणारं. आणि लाल. धगधगीत, पक्का लाल. देवगावच्या मारुतीपुढे सगळ्यांनी हातात धरून बघितला होता तोच.

"गेल्या उन्हाळ्यात कॉर्पोरेशनचं पाणी बंद होतं, म्हणून यंत्रही बंद होतं," उमा सांगत होती. "मी होस्टेलच्या विहिरीचं पाणी वापरलं. पहिल्या फटक्यात आला. डिस्टिल्ड घेतलं की पुन्हा तपकिरी. दोनदा सांगायला आले, सर. एकदा तुम्ही कारणं सांगू नकोस म्हणालात. दुसऱ्यांदा म्हणालात, नळाचं पाणी वापरणारीला माझ्या लॅबमध्ये जागा नाही. तुमच्या पेपरात डिस्टिल्ड लिहिलेलं. तुमच्याच हाताखाली राहून ते चूक आहे असं मी कुठं लिहिणार होते?"

"अगं, पण मग... हे फडकं..."

"मुद्दाम टेबलावर ठेवलं. रोज तुमच्या हाताशी येईल असं. वाटलं, एखाद्या दिवशी विचाराल, हे लाल फडकं कुठून आलं म्हणून."

बीकरमध्ये आता रंग चढायला लागला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकासाहेबांना त्या क्षणी मुंबईच्या गृहस्थांचा राग आला नाही, सांडूचा आला नाही. स्वतःचा आला, आणि तो कुणावर काढायचा हे मात्र कळेना. त्यांनी एक स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि उमापुढे ठेवलं.

"बस. पहिल्यापासून सांग. काय काय केलंस, किती पाणी, किती चुना, सगळं. मी मध्ये बोलणार नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "थीसिस आपण पुरा करू. पेपर मी दुरुस्त करतो."

उमानं स्टुलाकडे बघितलं. मग पिशवी खांद्याला लावली.

"फर्दापूरची एस.टी. सुटेल, सर," ती म्हणाली. "दुपारी हजर व्हायचंय."